तळपायावरील काळा डाग : सरी आणि वरंबा

मनुष्याच्या सर्व अवयवांत अधिक उपेक्षित असा अवयव कोणता, असें कोणीं विचारल्यास आम्ही निःसंकोचपणें तळपायाचें नांव घेऊं. मुखाकडे आपण दिवसांतून दहा वेळां आरशांत पाहतों. हातांकडे काम करतांना सहज लक्ष जातें. परंतु ज्यावर सगळ्या देहाचा भार, तो तळपाय वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. कांटा मोडला, भेग पडली किंवा कुरूप झालें, म्हणजे तेवढ्यापुरता तो आठवतो, आणि वेदना थांबली कीं पुन्हां विसरला जातो. सोनपेठसारख्या गांवीं, जेथें बहुतेक घरांचा संबंध शेतीशीं आहे आणि काळ्या मातींत अनवाणी चालणें हा वडील माणसांचा जन्माचा परिपाठ आहे, तेथें तर हें विशेषच खरें आहे. ह्या उपेक्षेचा लाभ घेऊन एक रोग क्वचित् तळपायावर काळ्या डागाच्या रूपानें प्रकट होतो. त्याची ओळख कशी पटते, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

गेल्या हिंवाळ्यांत शाळेंत खो-खोचे सामने चालू होते. एके दिवशीं खेळ आटोपल्यावर नळापाशीं पाय धुतांना नववींतील एका मुलाच्या टाचेच्या कडेस मसुराएवढा काळा ठिपका त्याच्या सोबत्यांना दिसला. दुखणें नव्हतें, सूज नव्हती. मुलांनीं लागलीच आपापलें निदान सांगितलें : एकास तो मोडलेला बाभळीचा कांटा वाटला, दुसऱ्यास कुरूप, आणि तिसऱ्यानें तर बिब्ब्याचा चटका देण्याचा सल्लाही देऊन टाकला. आम्हीं तो ठिपका पाहिला व चार दिवस वाट पाहावी असें सुचविलें. परंतु मुलाच्या वडिलांना हें कळतांच ते कापसाची वेचणी तशीच टाकून दुसऱ्याच दिवशीं मुलास घेऊन त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे निघाले. एवढ्याशा ठिपक्यासाठीं एवढी घाई कशास, असें आम्हीं म्हटलें, तेव्हां ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "सर, माझ्या वडिलांच्या टाचेलाही असाच डाग होता. आम्ही तो तीन वर्षें कुरूपच समजलों."

मग त्यांनीं सारी हकीकत सांगितली. त्यांच्या अनुमतीनें ती येथें देत आहों. नांव मात्र देत नाहीं. त्यांचे वडील सारा जन्म शेतांत राबलेले. टाचेवर डाग पडला तेव्हां कोणीं कांटा म्हटलें, कोणीं कुरूप म्हटलें. त्यावर बिब्बा लावून झाला. एकानें पात्यानें तो कोरूनही पाहिला. डाग हटला नाहीं. उलट पसरला, आणि पुढें त्यांतून लस येऊं लागली. तरी नांगरणी, पेरणी, काढणी ह्यांतून दवाखान्याचा दिवस कांहीं निघाला नाहीं. अखेर जांघेंत अवधाण आल्यासारखी गांठ दिसली, तेव्हां त्यांना मुंबईस नेलें. तेथें तुकडा तपासल्यावर रोगाचें खरें नांव कळलें. परंतु तोंपर्यंत रोग टाचेपुरता राहिलेला नव्हता. वर्षभरानें ते गेले. "दुखत नव्हतें हो," एवढेंच तो पुत्र पुनःपुन्हां म्हणत होता.

हें ऐकल्यावर आम्हीही त्यांच्यासोबत गेलों. डॉक्टरांनीं मुलाच्या टाचेवर तेलाचा एक थेंब टाकला, मुठींत मावेल एवढें दिवा लावलेलें एक भिंग त्यावर टेकविलें, आणि पाहतां पाहतां त्यांची मुद्रा प्रसन्न झाली. मग त्यांनीं तेंच दृश्य भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आम्हांस दाखविलें. साध्या डोळ्यांना जो एकच काळा ठिपका वाटत होता, तो तांबूस-काळ्या बारीक कणांचा पुंजका होता, जणुं कोणीं वाळूचे खडे ओळीनें मांडून ठेवावे. खेळतांना एकाएकीं थांबल्यानें व वळल्यानें टाचेंतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून वरच्या मृत कातडींत रक्त साकळलें होतें. डॉक्टरांनीं वरचा पापुद्रा हलकेच खरवडला, आणि ठिपका निघून आला. रक्ताचा थेंबही आला नाहीं. वडिलांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलें.

तेव्हांपासून आमच्या मनांत एक प्रश्न घोळत राहिला. नातवाचा डाग व आजोबांचा डाग साध्या डोळ्यांना एकसारखेच. मग त्या लहानशा भिंगास असें काय दिसतें, कीं जें आम्हांस दिसलें नाहीं? त्याचें उत्तर समजून घेण्यासाठीं प्रथम आपल्या कातडीची थोडी ओळख करून घेतली पाहिजे.

आपल्या कातडीच्या वरच्या पडद्याच्या तळाशीं रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांतून मेलॅनिन नांवाचा तपकिरी-काळा रंग निर्माण होऊन आसपासच्या पेशींत वांटला जातो. गोऱ्या व सांवळ्या माणसांत ह्या रंगपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती रंग तयार करतात व तो कसा पसरतो ह्यांत. हा रंग म्हणजे आपली निसर्गदत्त छत्रीच होय. सूर्याच्या अतिनील किरणांपासून ती कातडीचें रक्षण करते. रंगपेशी एके ठिकाणीं गोळा होऊन राहिल्या म्हणजे त्यास आपण तीळ म्हणतों. तीळ बहुतेक सर्वांच्याच अंगावर असतात आणि ते निरुपद्रवी असतात. परंतु ह्याच रंगपेशी जेव्हां मर्यादा सोडून बेसुमार वाढूं लागतात, तेव्हां त्या रोगास मेलॅनोमा म्हणतात. कातडीच्या कर्करोगांत हा विशेष घातक, कारण तो लवकर खोल जातो आणि रसवाहिन्यांच्या मार्गानें गांठींपर्यंत व तेथून फुप्फुसें, यकृत, मेंदू अशा दूरच्या अवयवांपर्यंत पोंचतो. स्टेथॉस्कोपचा जनक म्हणून ज्याचें नांव आपण विज्ञानाच्या पुस्तकांत वाचतों, त्या फ्रेंच वैद्य लाएनेक ह्यानेंच १८०४ सालीं ह्या काळ्या गांठींचें प्रथम स्वतंत्र रोग म्हणून वर्णन केलें.

येथें पालकांनीं भयभीत होऊं नये. मेलॅनोमा हा मुख्यतः गोऱ्या लोकांत, विशेषतः ऑस्ट्रेलियासारख्या प्रखर उन्हाच्या देशांत जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांत आढळणारा रोग आहे. आपल्या देशांत तो फार विरळा आहे. परंतु रोग विरळा असला म्हणजे त्याकडे लक्षही विरळेंच जातें, आणि त्यांतच धोका आहे. शिवाय गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायाच्या पोटरीवर, चेहऱ्यावर, म्हणजे उन्हाचा मारा बसणाऱ्या जागीं दिसतो. तर सांवळ्या लोकांत त्याच्या नेहमींच्या जागा म्हणजे तळपाय, तळहात व नखांखालची कातडी. तेथें ऊन पोंचत नाहीं, म्हणून आपल्या छत्रीचाही तेथें उपयोग नाहीं. उन्हाचा व ह्या प्रकारच्या रोगाचा संबंध नसल्यानें नुसतें ऊन टाळून तो टळत नाहीं. तो वेळेवर ओळखणें, हाच उपाय उरतो.

रोग एकच असला तरी प्रांतपरत्वें त्याची जागा निराळी असूं शकते, हें आपल्या देशांत पूर्वींच लक्षांत आलें होतें. एल्म्स्ली नांवाच्या मिशनरी डॉक्टरांनीं १८६६ सालीं काश्मिरांतील लोकांच्या पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाविषयीं लिहिलें. थंडींत अंगरख्याखालीं कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचें मडकें, धरून बसण्याच्या संवयीचा तो परिणाम होता. पुढें मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांनीं कमरेशीं धोतराची गांठ घट्ट बसून वर्षानुवर्षें घासल्यानें होणाऱ्या कर्करोगाकडे १९४५ सालीं लक्ष वेधलें. हे दोन्ही कर्करोग मेलॅनोमाहून निराळे. पण त्यांपासून घ्यावयाचा बोध येथें लागू पडतो. परदेशांतील ग्रंथांत जागा कोणती दिली आहे एवढेंच पाहून चालत नाहीं. आपल्या माणसांच्या अंगावर रोग कोठें उमटतो हें डोळे उघडून पाहावें लागतें.

हा रोग ओळखण्यास कठीण कां? कारण तो सोंगें घेतो. तळपायावर तो कुरुपासारखा, चामखिळीसारखा, बऱ्या न होणाऱ्या जखमेसारखा दिसतो. नखापाशीं तो नखुरड्यासारखा किंवा मार लागून साकळलेल्या रक्तासारखा दिसतो. जमेकाचा जगविख्यात गायक बॉब मार्ली ह्याचें उदाहरण ह्या बाबतींत पुष्कळदां दिलें जातें. त्यास फुटबॉलचें वेड होतें. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं काळसर डाग दिसला, तो खेळांतील दुखापतीचा समजला गेला. १९७७ सालीं तपासणींत तो मेलॅनोमा ठरला. बोट काढून टाकण्यास त्यानें नकार दिला. नखाखालची कातडी तेवढी काढण्यांत आली. रोग पुढें शरीरभर पसरला आणि ११ मे १९८१ रोजीं वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं तो मृत्यु पावला. आमच्या विद्यार्थ्याचा डाग रोगासारखा दिसला व तो दुखापतीचा निघाला. मार्लीचा डाग दुखापतीसारखा दिसला व तो रोग निघाला. दोन्हीकडे साध्या डोळ्यांनीं फसविलें.

आतां भिंगाकडे वळूं. गोदावरीच्या पात्रांत उतरल्यावर एक गोष्ट सर्वांनीं पाहिली असेल. कांठावरचा कोरडा गोटा फिकट, धुरकट दिसतो. तोच पाण्यांत बुडविला कीं त्याच्या अंगावरील तांबड्या-हिरव्या रेघा चमकूं लागतात. गोटा बदललेला नसतो. कोरडा असतांना त्याच्या खडबडीत पृष्ठभागावरून उजेड इकडेतिकडे उसळतो आणि डोळ्यांना तोच दिपवितो. पाण्यानें खांचखळगे भरून निघाले म्हणजे उजेड आंत शिरतो व आंतील रंग घेऊन परत येतो. आपल्या कातडीचा वरचा मृत थर त्या कोरड्या गोट्यासारखा आहे. त्यावर तेलाचा किंवा पारदर्शक लेपाचा थेंब टाकून कांच टेकविली, म्हणजे पृष्ठभागाची चमक नाहींशी होते आणि आंतील रंगपेशींची मांडणी व रक्तवाहिन्या दिसूं लागतात. त्यावर सुमारें दहापट मोठें करणारें भिंग व दिवा जोडला, कीं झाला डर्मोस्कोप. कांहीं नव्या यंत्रांत तेलाऐवजीं ध्रुवीकरण करणाऱ्या दोन पट्ट्या वापरून ती चमक गाळली जाते. तत्त्व मात्र पृष्ठभागावरचा उजेड दूर सारून आंतला उजेड पाहण्याचेंच.

ही युक्ति एका दिवसांत सांपडली नाहीं. हाम्बुर्ग येथील त्वचावैद्य ऊन्ना ह्यानें १८९३ सालीं तेल व कांच वापरून कातडी पाहण्याची रीति सांगितली. म्युनिकच्या साफियरनें १९२० सालीं दोन्ही डोळ्यांनीं पाहावयाचें यंत्र त्यासाठीं उपयोगांत आणलें. काळे डाग कापण्यापूर्वीं त्यांची परीक्षा ह्या रीतीनें करावी, हें ग्लासगोच्या रोना मॅकी ह्या विदुषीनें १९७१ सालीं दाखवून दिलें. हातांत धरावयाचें सुटसुटीत यंत्र मात्र १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटीं आलें, आणि तेव्हांपासून तें त्वचारोगतज्ज्ञांच्या खिशांत स्टेथॉस्कोपसारखेंच वावरूं लागलें.

आतां तळपायाचें रहस्य. उसाची लागण करणाऱ्या घरांतील मुलांना सरी-वरंबा सांगावयास नको. आपल्या तळपायावर व तळहातावरही निसर्गानें अशीच सरी-वरंब्यांची आखणी केलेली आहे. बोटाचा ठसा कागदावर उमटवितांना ज्या रेघा उमटतात ते वरंबे; त्यांमधील कोऱ्या रेघा म्हणजे सऱ्या. घामाचीं छिद्रें वरंब्याच्या माथ्यावर उघडतात. डर्मोस्कोपमधून तीं पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगेसारखीं दिसतात, आणि त्यांवरूनच वरंबा कोणता हें ओळखतां येतें.

जपानांत मेलॅनोमा विशेषकरून तळपायावर व नखांपाशीं आढळतो, म्हणून तेथील वैद्यांनीं ह्या विषयाचा विशेष अभ्यास केला. डॉ. तोशिआकी साइदा व त्यांच्या सहकाऱ्यांना शेंकडों डाग पाहतांना असें आढळून आलें कीं, तळपायावरील साध्या तिळाचा रंग बहुधा सऱ्यांतून, बारीक समांतर रेघांनीं पडलेला असतो. उलट मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर, रुंद पट्ट्यांनीं पडतो. ह्याचें कारण कातडीच्या आंतील रचनेंत आहे. साध्या तिळांतील पेशींचे पुंजके बहुतांशीं सरीखालच्या खांचेंत वसतात. मेलॅनोमाच्या पेशी आरंभीं वरंब्याखालीं, घामाच्या नळीच्या आसपास पसरतात. पाणी सरींतून वाहत असेल तर शेतकरी निश्चिंत असतो. तें वरंब्यावर चढलें कीं कोठें तरी बांध फुटला, हें तो दुरूनच ताडतो. डॉक्टरांची दृष्टिही येथें तशीच चालते.

ही खूण किती भरंवशाची? २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणें, शंभर मेलॅनोमांपैकीं सुमारें ८६ मध्यें वरंब्यावरचा रंग आढळला, आणि शंभर निरुपद्रवी डागांपैकीं सुमारें ९९ मध्यें तो आढळला नाहीं. गणित शिकणाऱ्या मुलांनीं हे दोन आंकडे निरनिराळे कां दिले, ह्याचा विचार करावा. दुसरा आंकडा म्हणतो कीं खूण दिसली तर तिच्याकडे दुर्लक्ष करूं नये; पहिला म्हणतो कीं खूण दिसली नाहीं, एवढ्यावरून निर्धास्त होऊं नये, कारण शंभरांतील चौदा रोगी तिच्या हातून निसटतात. म्हणून जपानी वैद्यांनीं आणखी एक नियम जोडला : सरीसारखी निरुपद्रवी ठेवण स्पष्ट दिसत नसेल आणि डाग ७ मिलिमीटरांहून, म्हणजे साधारण पेन्सिलीच्या जाडीहून, मोठा असेल, तर त्याचा तुकडा तपासावाच. शिवाय मेंदीसारखा बाहेरून लागलेला रंगही वरंब्यावरच बसतो, आणि आमच्या विद्यार्थ्याच्या टाचेंतील रक्ताचे कणही वरंब्यावरच होते. परंतु रक्ताचा रंग तांबूस व कण सुटे सुटे. म्हणून डॉक्टर भिंगांतून पाहतातच, पण डाग केव्हां दिसला, काय लावलें, कोठें मार लागला, हेंही विचारतात. रोग्यानें त्यांस खरें उत्तर द्यावें. बिब्बा लावला असेल तर तेंही लाज न बाळगतां सांगावें.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रंगहीन मेलॅनोमा. ह्यांतील पेशी रंग तयार करण्याचें आपलें मूळ कामच विसरलेल्या असतात. त्यामुळें डाग काळा नसून गुलाबी किंवा तांबडा असतो, आणि जखम, गळूं, चामखीळ अशा नांवांखालीं तो महिनेंच्या महिने खपून जातो. येथें रंगाची ठेवण पाहावयास नसते. डॉक्टर रक्तवाहिन्यांची ठेवण पाहतात. ठिपक्यांसारख्या, वेड्यावांकड्या, एकमेकींशीं न जुळणाऱ्या वाहिन्या आणि दुधांत कुंकू कालवल्यासारखा तांबूस भाग, ह्या संशयाच्या खुणा. कांच जोरानें दाबली तर रक्त बाजूस सरून ह्या वाहिन्या दिसेनाशा होतात, म्हणून अशा वेळीं लेपाचा जाड थर देऊन हलक्या हातानें पाहावें लागतें. एवढ्या बारीक गोष्टीवरही निदान अवलंबून असतें.

नखाविषयीं दोन शब्द. सांवळ्या माणसांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी रेघा असणें हें पुष्कळदां स्वाभाविक असतें. परंतु प्रौढ वयांत एकाच नखावर नवी काळी रेघ उमटली, ती रुंद होत गेली, तिचा रंग जागोजागीं निराळा दिसूं लागला, किंवा तो रंग नखाबाहेर कातडीवर सांडला, तर ती गोष्ट डॉक्टरांना दाखविलीच पाहिजे. ही शेवटची खूण इंग्रज शस्त्रवैद्य जोनाथन हचिन्सन ह्याच्या नांवानें ओळखली जाते. मार लागून साकळलेलें रक्त मात्र नखाबरोबर पुढें सरकतें व त्याच्या मागें स्वच्छ नख येतें. पायाच्या अंगठ्याचें नख महिन्यास सुमारें दीड मिलिमीटरच वाढतें, म्हणून दर महिन्यास एक छायाचित्र काढून ठेवल्यास हा फरक घरींही कळतो.

भिंगानेंही जेथें निर्णय होत नाहीं, तेथें आतां आणखी साधनें निघालीं आहेत. त्यांतील एकाशीं एक मराठी आडनांव निगडित आहे, हें सांगतांना आम्हांस संतोष वाटतो. डॉ. मिलिंद राजाध्यक्ष व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकेंतील बॉस्टन येथें १९९५ सालीं जिवंत माणसाच्या कातडीचें, ती न कापतां, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावें तसें चित्र घेऊन दाखविलें. ह्या यंत्रास कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक म्हणतात. लेझरचा क्षीण किरण कातडींतील एका बिंदूवर एकत्र आणावयाचा, त्याच बिंदूवरून परत येणारा उजेड एका सूक्ष्म छिद्रांतून घ्यावयाचा, आणि वरखालच्या इतर थरांचा उजेड अडवावयाचा, असें त्याचें तत्त्व आहे. बिंदूमागून बिंदु घेत गेलें, म्हणजे कातडीच्या आंतील एका पातळ थराचें चित्र तयार होतें. गंमत अशी कीं, साध्या डोळ्यांना जें काळें तें ह्या यंत्रांत पांढरें शुभ्र दिसतें, कारण मेलॅनिनचे कण उजेड जोरानें परतवितात. त्यामुळें रंगपेशी अंधाऱ्या रात्रींतील दिव्यांसारख्या उठून दिसतात, आणि रंगहीन भासणाऱ्या मेलॅनोमांतही जो थोडा रंग उरलेला असतो तो पुष्कळदां उघडकीस येतो.

तथापि ह्या यंत्राची दृष्टि कातडीखालीं मिलिमीटराच्या पांचव्या हिश्शाएवढीच जाते, आणि तळपायाचा वरचा मृत थर इतका जाड असतो कीं बहुधा तेथेंच ती संपते. शिवाय तें महागडें यंत्र मोठ्या शहरांतच आढळावयाचें. म्हणून आपल्या शेतकऱ्याच्या टाचेसाठीं अजून तरी मुठींत मावणारा डर्मोस्कोपच अधिक कामाचा. २०१७ सालीं अमेरिकेंतील शास्त्रज्ञांनीं सुमारें १ लक्ष २९ हजार छायाचित्रें दाखवून एका संगणकास कातडीचे रोग ओळखावयास शिकविलें, आणि तो तज्ज्ञांच्या बरोबरीचा ठरला. पण असल्या संगणकांना आजवर दाखविलेलीं चित्रें मुख्यतः गोऱ्या कातडीचीं आहेत. जें पाहिलेंच नाहीं तें संगणकही ओळखत नाहीं. ह्या बाबतींत त्याची व आपली गोष्ट सारखीच. म्हणून भ्रमणध्वनीवरील कोणत्याही युक्तीनें "डाग निर्दोष आहे" असें सांगितलें, तरी तेवढ्यावर विसंबूं नये.

अखेरचा निर्णय मात्र चित्रावर होत नाहीं. संशयित डागाचा तुकडा किंवा संपूर्ण डाग काढून त्याची सूक्ष्मदर्शकाखालीं परीक्षा करावी लागते. ह्यास बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढल्यानें कर्करोग पसरतो, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती खरी नाहीं. पसरतो तो वाट पाहण्यानें. अमेरिकन वैद्य ब्रेस्लो ह्यानें १९७० सालीं दाखवून दिलें कीं, रोग कातडींत किती खोल गेला आहे ह्याच्या मोजणीवरून रोग्याचें भवितव्य पुष्कळ अंशीं सांगतां येतें. ही खोली मिलिमीटरांत मोजतात. एक मिलिमीटराहून कमी असतां डाग संपूर्ण काढून टाकला, तर बहुतेक रोगी बरे होतात. चार मिलिमीटर, म्हणजे साधारण ज्वारीच्या दाण्याएवढी खोली झाली, कीं धोका फार मोठा होतो. आजोबांच्या टाचेवरचा डागही कधींकाळीं एक मिलिमीटराहून पातळ होता. त्या दिवसांत तो कोणीं भिंगाखालीं धरला असता, तर कदाचित् ते आज नातवाचे सामने पाहावयास येऊन बसले असते.

मग आपण करावें काय? प्रथम, तळपाय, तळहात व बोटांच्या बेचकळ्या महिन्यांतून एकदां उजेडांत पाहाव्या. वडील माणसांना वांकून स्वतःचा तळवा दिसत नाहीं, म्हणून हें काम घरांतील मुलांनीं करावें. नवा डाग, वाढणारा डाग, दोन-तीन रंगांचा किंवा वेड्यावांकड्या कडेचा डाग, रक्त येणारा डाग, आणि दोन महिन्यांत बरी न होणारी जखम, ह्यांपैकीं कांहीं आढळल्यास बाजूस मोजपट्टी ठेवून छायाचित्र काढावें व डॉक्टरांना दाखवावें. दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. हा रोग आरंभीं दुखत नाहीं. अशा डागास बिब्बा, चटका, पातें, आम्ल ह्यांपैकीं कांहीं लावूं नये, कारण त्यामुळें खूण पुसली जाते आणि रोग राहतो. परभणीचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व अंबाजोगाईचें स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हीं आपल्यापासून दूर नाहींत. दहांतील नऊ वेळां काय, त्याहूनही अधिक वेळां, तो डाग तीळ, कुरूप किंवा साकळलेलें रक्तच निघेल. तसें निघालें, तर हेलपाटा फुकट गेला असें मानूं नये. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तसें मानलें नाहीं. परततांना एस.टी.च्या स्टँडवर त्यांनीं मुलास व आम्हांस चहा पाजला, आणि पुष्कळ दिवसांनीं वडिलांविषयीं मोकळेपणानें बोलले.

विद्यार्थीमित्रहो, शास्त्रज्ञांनीं सुमारें शंभर वर्षें खपून हें भिंग तयार केलें; पण तें टेकविण्यापूर्वीं कोणाला तरी तो डाग दिसावा लागतो. तें पहिलें दर्शन डॉक्टरांच्या हातीं नाहीं, तुमच्या हातीं आहे. येत्या सुट्टींत घरीं आजी-आजोबांच्या पायांस तेल लावण्याची वेळ येईल, तेव्हां घाई करूं नका. पाय ओसरीवरच्या उजेडांत घ्या, तळवा वर करा, आणि सरी कोठें, वरंबा कोठें, हें नीट न्याहाळून पाहा.